ग्रीस म्हणजे ग्रीस, भाऊजी!

मंडळी, आज मी सूड उगवला. तोही हसत हसत.

शेजारचे जोशीभाऊजी सरकारी नोकरीत. राज्य फुटल्यापासून ऑफिसातल्या खुर्च्या-टेबलं दोन राज्यांत वाटायचं काम त्यांच्याकडे आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांनी माझं गवत कापायचं मशीन नेलं आणि गिअरबॉक्समध्ये दुकानाच्या शटरचं ग्रीस भरलं. मशीन तापल्यावर ते पातळ होऊन गळून गेलं आणि कोरडे गिअर झिजून जाम झाले. एवढे वाटणीतले हुशार, पण नुकसान सगळं माझ्याच वाट्याला!

वर म्हणाले, "लाइट घ्या वहिनी, एवढं मनावर नका घेऊ, ग्रीस म्हणजे ग्रीस. बायकांना काय कळतंय मशीनमधलं?"

आज भाऊजींनी स्वतःचं नवं कोरं मशीन आणलं. कंपाउंडवरून विचारतात, "वहिनी, यात ग्रीस कुठलं घालू हो?"

उष्णता सोसणाऱ्या लिथियम ग्रीसची ट्यूब घरातच होती. गौलीगुड्याच्या बाजारातून शोधून आणलेली. मी गोड आवाजात म्हणाले, "लाइट घ्या भाऊजी. ग्रीस म्हणजे ग्रीस."

त्यांना स्वतःचंच वाक्य ओळखू आलं नाही! खुशीत गेले आणि तोच शटरच्या ग्रीसचा डबा उघडून बसले.

आता मी गॅलरीत बसून हे लिहितेय. ट्यूब मांडीवर आहे. खाली भाऊजी मशीन सुरू करायच्या तयारीत आहेत. एक हाक मारली तर वाचेल बिचारं.

सांगा, मारू हाक?

तुमची उत्तरं येईपर्यंत मी चहा ठेवते. आलं किसून, निवांत.