शनिवार पेठेतला मंगळ

साताऱ्याच्या शनिवार पेठेत साठ सालापासून चौऱ्याण्णवपर्यंत मंगळाची एकही मुलगी जन्मली नाही. ही गोष्ट शास्त्राला धरून नाही, वामनकाका वाळिंब्यांना धरून आहे. पेठेतल्या पत्रिका तेच करायचे. मुलग्यांना मंगळ असायचा, दर चार-पाचांमागे एकाला तरी. समोरच्या घरात राहूनही हे माझ्या कधी लक्षात आलं नाही, आणि मी तर शाळेत गणित शिकवत होतो.

काका पंचांग मांडीवर घेऊन पाटीवर आकडेमोड करत. एका पत्रिकेला दोन दिवस लागत. बोलणं तिखट आणि गणिताचा अभिमान जबर. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की मुलीचं लग्न अडतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. काकांची थोरली बहीण याच कारणानं घरात राहिली, भावाच्या संसारात पोळ्या लाटत म्हातारी झाली आणि गेली. तिच्याबद्दल काका कधी बोलत नसत.

पंच्याण्णव साली राजपथावर एका गाळ्यात 'संगणक पत्रिका, दहा मिनिटांत' अशी पाटी लागली. काका म्हणाले, "दहा मिनिटांत चहा होतो, पत्रिका होत नाही." लोकांना तसं वाटलं नाही. यंत्र कर्रकर्र करत दोन्ही कडांना भोकं असलेला कागद बाहेर टाकी, आणि त्यावर छापलेलं हातानं लिहिलेल्यापेक्षा जास्त खरं वाटे. काकांकडे वर्षाकाठी पाच-सहा पत्रिका उरल्या.

पुढच्याच वर्षी आमच्या शेजारच्या अबोलीला सांगलीचं स्थळ आलं. तिचे वडील अनंत गोखले, जिल्हा परिषदेत कारकून. मुलगा पुष्कर. दोघं भेटली, एकमेकांना आवडली, अबोलीनं तर मनातल्या मनात आडनावही बदलून टाकलं होतं. मुलाच्या आईनं, विनोदिनीबाईंनी, एवढंच कळवलं: "हातची पत्रिका आहे ती असू दे, पण एक संगणकाची पाठवा. हल्ली आम्ही तीच बघतो."

गाळ्याबाहेर लिहिलेलं होतं, 'अचूक जन्मवेळ आणावी'. दुसरा कोणी सहाच्या सुमारास म्हणून मोकळा झाला असता. अनंता पडला कारकून. त्यानं कोरेगावच्या दवाखान्याची तेवीस वर्षं जपलेली चिठ्ठी शोधून काढली. पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटं. यंत्रानं कागद टाकला: मंगळ सातव्या घरात.

तो तसाच काकांकडे आला. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो.

"काका, तुमच्या पत्रिकेत मंगळ सहाव्या घरात आहे. गणित चुकलं का तुमचं?"

चुकलं म्हणाले असते तर बाकीचं झाकलेलंच राहिलं असतं. पण काकांना तेवढं जमेना.

"गणित चुकलेलं नाही. ते सहा वाजताचं आहे. ही चिठ्ठी मी तेव्हाच वाचली होती. वीस मिनिटं मी पुढे ढकलली. वेळ सरकली की मंगळाचं घर बदलतं."

"मुद्दाम?"

"अडलेल्या सगळ्याच मुलींची सरकवली. कुणाची दहा मिनिटं, कुणाची तासभर."

मला संताप आला. माझ्या मुलीची पत्रिकाही त्यांनीच केली होती, आणि ती तर केव्हाच सासरी गेली होती. तिची किती मिनिटं, हे मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

"मग आता मी काय करू?" अनंता म्हणाला.

"जा आणि सहा सांग. यंत्राला काय कळतंय!"

अनंतानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाला, "काका, तुम्ही लिहीत होतात तोवर आम्हाला काही ठाऊक नव्हतं. आता ते खोटं माझ्या तोंडानं वदवून घेताय."

दुसऱ्या दिवशी काका कोट-टोपी घालून स्वतःच राजपथावर निघाले. मागून अनंता आणि मी. गाळ्यात गर्दी होती. कोरेगावचे आप्पासो नातीची पत्रिका करायला आले होते. ते हसून म्हणाले, "आवं काका, तुमीबी हितंच व्हय? मग आमी कुनाकडं बघायचं?"

काका सरळ यंत्रापाशी गेले. यंत्रावरच्या मुलीनं जन्मवेळ विचारली.

"सकाळी सहा," काका म्हणाले. सगळ्या गाळ्याला ऐकू गेलं.

कागद आला. मुलीनं तो काकांच्या पत्रिकेशेजारी धरला आणि म्हणाली, "अगदी तंतोतंत आहे हो तुमचं!" एरवी या वाक्यावर काका महिनाभर जगले असते. त्या दिवशी ते मान खाली घालून घरी आले.

कागद सांगलीला गेला, लग्न झालं. गुडघा दुखतो म्हणून काका लग्नाला गेले नाहीत. पाटीही त्यांनी माळ्यावर टाकली. अनंतानं अबोलीला सगळं सांगितलं होतं आणि तिनं पुष्करला. तो नुसता हसला. विनोदिनीबाईंना मात्र कुणीच सांगितलं नाही. वेळ सरकली की मंगळाचं घर बदलतं हे पेठेत फुटलंच, आणि गाळ्यात आता लोक उघडच म्हणू लागले, "ताई, पंधरा मिनिटं पुढे करून बघा की जरा." ताई करून बघायच्या. तसले कागद पुढे ई-मेलनं अमेरिकेलासुद्धा जाऊ लागले.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात अबोली तीन महिन्यांची मुलगी घेऊन माहेरी आली. बाळंतपण मिरजेला झालं होतं. ती सरळ काकांच्या ओसरीवर गेली. "काका, हिची पत्रिका करा. तुमच्या हातची हवी."

काकांनी हो-नाही करत पाटी काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अबोलीला हाक मारली. मीही गेलो.

"मंगळ आठवा आहे," ते हळूच म्हणाले. "बारा मिनिटं मागे घेतली की सुटतो."

अबोलीनं बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "नको काका. आहे तिथेच लिहा."

"अगं, उद्या लग्न अडलं तर?"

"ज्यांचं अडेल त्यांच्या घरी मला द्यायचीच नाही ती. आणि माझ्यासारखं हिला कुणापासून लपवत बसायला नको."

काकांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी आठव्या घरात मंगळ लिहिला. अक्षर नीट आलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"मास्तर," ते मला म्हणाले, "एवढंच करायचं होतं होय?"