एका नंबरावर सात माणसं

त्या बुधवारी सकाळी ड्रायव्हरकाकांचा फोन आला तेव्हा मी यादी बघून मनातल्या मनात खूश होत होते. गाडीत दहा जागा, यादीत दहा नावं, एकही नाव दोनदा नाही.

"मॅडम," काका म्हणाले. एरवी ते मला पोरी म्हणतात, चिडले की मॅडम. "खोडाळ्याच्या अलीकडच्या फाट्यावर तुमच्या कागदात एक माणूस आहे. इथं सात उभी आहेत. सातही म्हणतात, आम्ही फोनवर नाव दिलंय. तुमच्या मशीननं सात माणसांचा एक माणूस केला."

गाडीत जागा एकच होती. ज्यांचं नाव यादीत होतं ते म्हातारे चढले, बाकीचे सहा जण पाड्यावर परत गेले. त्यांत एक आजी होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. काकांनी सांगितलं, तिनं नुसती काठी फिरवली आणि चालायला लागली. मला ते भांडणाऱ्या पाच जणांपेक्षा जास्त लागलं.

आमचा दवाखाना जव्हारला आहे, डोळ्यांचा, छोटाच. दर बुधवारी गाडी गावोगावच्या फाट्यांवरून पेशंट आणते, दुपारी ऑपरेशनं होतात, गुरुवारी पट्टी काढून त्यांना परत सोडतात. मी तिथं कॉम्प्युटरचं काम करते. काम मला आवडायचं एक कारण म्हणजे त्यात बोलावं लागत नाही. मी इंग्लिश मीडियमची. घरात मराठीच, पण अनोळखी माणसाशी फोनवर मराठी बोलायचं म्हटलं की माझी वाक्यं अर्ध्यात थांबतात.

टेबलावरचा फोन एकच होता आणि तो उचलणाऱ्या सिस्टर अर्धा दिवस ऑपरेशनच्या खोलीत. लोक फोन करून करून कंटाळायचे. म्हणून डॉक्टरबाईंनी क्लाउड फोन घ्यायचं ठरवलं. नंबर तोच राहिला, पण तो आता टेबलावर नव्हता, इंटरनेटवर होता. एका वेळी पाच जणांनी फोन केला तरी पाचही उचलले जात. उचलायचं काम एआय एजंटचं. तो मराठीत नाव, वय, गाव, फाटा विचारायचा आणि उत्तरं थेट माझ्या यादीत भरायचा. फोन आणि एजंट यांची जोडणी करायला मला आठवडा लागला. शेवटी यादी नीट राहावी म्हणून मी एक नियम घातला: ओळखीच्या नंबरावरून पुन्हा फोन आला तर नवी नोंद करायची नाही, जुनी बदलायची. आमच्या घरात तीन माणसं आणि चार फोन. एक नंबर म्हणजे एक माणूस, यात मला विचार करण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

कॉल तपासले. त्या पाड्यातल्या एकाच नंबरावरून एका संध्याकाळी सात फोन आले होते. प्रत्येक नव्या नावानं आधीचं नाव पुसलं होतं. आजीचं नाव तिसरं होतं.

मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. "दोनच बुधवार राहिलेत. पाऊस लागला की मी ऑपरेशन घेत नाही, चिखलात डोळा जपत नाहीत लोक." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू जा तिकडे. फोन कसा करतात ते बघून ये."

मला वाटलं होतं, त्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील.

शुक्रवारी काका खोडाळ्याच्या बाजारात निघाले होते, त्यांनी मला फाट्यावर सोडलं. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात ते राब भाजून झाले होते, उतारावर राखेचे काळे चौकोन दिसत होते. पाड्यावर पोचले तेव्हा एक वहिनी घराघरासमोर थांबून हाका मारत होती, "झाडाकडं चालले गं! कुणाचं काय?"

झाड म्हणजे टेकाडावरचा ऐन. पाड्यात रेंज येते ती फक्त तिथं, आणि तीही त्याच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात. वहिनीनं फोन बेचक्यात ठेवला, स्पीकर लावला आणि सगळे खाली उभे राहिले. कुणी मुंबईकडे कामाला गेलेल्या भावाशी बोललं, कुणी दुकानात खत आलं का विचारलं. फोन वहिनीचा, तोंडं सगळ्यांची. एकानं झाडाकडे जायचं आणि सगळ्यांची कामं न्यायची, ही इथली रीत. स्वतःपुरता फोन करून कुणी खाली उतरत नाही.

"त्या दिवशी दवाखान्याला लावला तं बाई बोलते, नाव सांगा," वहिनी मला सांगू लागली. "शेजारणीनं सांगितलं. मग मी म्हणते, थांब, दुसऱ्याचं घे. तं बाई बोलते धन्यवाद, नि ठेवलान. मग दर नावाला परत लावला."

"मी नुसतं खोकलो, तरी ठेवलान," मागून एक जण म्हणाला. सगळे हसले.

"शहरातली असंल. घाई असते त्यांना."

तो आवाज मीच निवडला होता. चार सेकंद कुणी बोललं नाही की फोन ठेवायचा, हेही मीच ठरवलं होतं. ते मी त्यांना सांगितलं. अडखळत सांगितलं, कारण त्यांची मराठी माझ्यासारखी नव्हती आणि माझी त्यांच्यासारखी नव्हती. पण मग माझ्या लक्षात आलं की मराठी दोघांनाही थोडी सांभाळूनच बोलावी लागते. त्यांची घरची बोली वेगळी, माझी शाळेची भाषा वेगळी. त्यानंतर मला जरा सोपं गेलं.

आजी तिच्या ओट्यावर बसली होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, "एकदा आले ना मी. आता नाय येत."

तिच्या सुनेनं कारण सांगितलं. गेल्या वर्षी नागलीतलं, म्हणजे नाचणीतलं, तण काढताना आजीनं तणाबरोबर रोपंही उपटली. तिला दोन्ही सारखंच हिरवं दिसत होतं. अर्धा तुकडा रिकामा झाल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं. तेव्हापासून तिला शेतात नेत नाहीत.

"मीच बोलले तिला तेव्हा," सून हळूच म्हणाली. "भात लावायची आवणी आली की आम्ही सगळी शेतात, ही एकटी इथं बसून असते."

आजीनं ते ऐकलं. "बसते की," ती म्हणाली. "बसायला डोळे काय करायचेत?"

मी नमस्कार करून निघाले.

शनिवारी आणि रविवारी मी सगळं उलगडून पुन्हा बांधलं. नोंद आता नंबराची नव्हती, माणसाची होती. एजंटनं आधी विचारायचं, किती जणांसाठी? मग एकेक नाव घ्यायचं, मध्ये कितीही वेळ गेला तरी थांबायचं, "झालं" म्हणेपर्यंत "आणखी कोण?" विचारत राहायचं आणि शेवटी सगळी नावं वाचून दाखवायची. झाडाखाली उभं राहून दहा माणसं ऐकत असतील तर चूक तेच पकडतील. शिवाय क्लाउड फोनमध्ये एक सोय होती जी मी आधी मुद्दाम बंद ठेवली होती: चालू कॉलमध्ये दवाखान्यातल्या माणसाला शिरता यायचं. ती सुरू केली.

सोमवारी संध्याकाळी तो नंबर स्क्रीनवर आला. बोलणं अक्षरांत उमटत होतं आणि कानातही ऐकू येत होतं.

"हा फोन किती जणांसाठी आहे?"

"सात. नाय, थांब गं. आठ."

मग बराच वेळ नुसता वारा. एजंट थांबला. एकेक नाव यादीत येत गेलं. एकाचं वय त्याच्या बायकोनं दुरुस्त केलं. एजंटनं आठ नावं वाचली. त्यांत आजी नव्हती.

मी बटण दाबलं. "वहिनी, आजी येत नाहीत का?"

वहिनी म्हणाली, "मशीनला आजी म्हाईत?"

"मशीन नाही, मी. शुक्रवारी आले होते ती."

"अगं, ती बाय हाय!" हशा पिकला. "आजी हितंच हाय, झाडाखाली. सून घेऊन आलीय. पण नाव घालू देत नाय."

लांबून आजीचा आवाज आला, "विचार तिला, परत पाठवलंन तं?"

"आजी," मी म्हणाले, "गाडी या वेळी आधी तुमच्या फाट्यावर येईल. तुम्ही चढल्याशिवाय पुढे जाणार नाही. तुमचं नाव मी पहिलं लिहितेय."

"लिही," आजी म्हणाली. "नि पुढची शीट दे."

बुधवारी त्या फाट्यावरून नऊ जण चढले. नऊ नावं, नऊ माणसं. काकांनी फोन करून एवढंच सांगितलं, "पोरी, बरोबर आहेत."

गुरुवारी सकाळी आजीच्या एका डोळ्याची पट्टी निघाली. डॉक्टरबाईंनी बोटं धरली, आजीनं मोजली. मग तिनं न्यायला आलेल्या सुनेकडे बघितलं, खूप वेळ, आणि म्हणाली, "वाळलीस गं." सून रडायला लागली.

निघताना आजी माझ्या टेबलापाशी आली. "ती मशीन दाव मला."

मी लॅपटॉप वळवला. यादी उघडी होती. काळा चष्मा किंचित वर करून तिनं वाकून बघितलं, चष्मा परत खाली ओढला.

"यवढीच? बरं. माझ्या बहिणीलाबी दिसत नाय. तिचं नाव घे."

"त्यांचा पाडा कुठला?"

"नदीपल्याड. तिकडं रेंज नाय, झाडबी नाय. मीच निरोप धाडीन."

शेवटचा एक बुधवार उरला होता. मी बहिणीचं नाव वहिनीच्याच नंबराखाली लिहिलं, फक्त पाडा बदलला, आणि फाटा कुठला धरायचा ते आजीला विचारलं.