सुनेचा इंटरव्ह्यू आणि माझी ताटं

सुनेचा नोकरीचा इंटरव्ह्यू चालू असताना मी लॅपटॉपच्या मागं जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि माझ्यापुढं ताटं मांडलेली होती. एक रिकामं, एकात आमटी-भात, एक उष्टं आणि एक घासून पालथं घातलेलं. हा मूर्खपणा सर्वस्वी माझा, कुणी सुचवलेला नव्हे. तेव्हा मी आजी झाले नव्हते, नुसती सासू होते. नातवंड झालं की बाईचं लक्ष दुसरीकडं जातं. नुसत्या सासूला दिवसभर काम काय?

सून खांब गावची. मराठी शाळेत शिकलेली, पुढं केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. लग्नाच्या बोलणीतच तिनं सांगितलं होतं, नोकरी करणार. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पेणला आल्यावर दोन ठिकाणी ती मुलाखतीला जाऊन आली. दोन्हीकडं प्रश्न कळले, उत्तरं माहीत होती, पण बोलायची सवय नसल्यानं तोंडातून इंग्रजी वाक्य काही धड बाहेर पडेना. मग रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीतून बोलावणं आलं, क्वालिटीच्या लॅबसाठी. पहिली फेरी घरबसल्या, लॅपटॉपवर.

त्याच आठवड्यात जेवताना माझा मुलगा सहज म्हणाला, "या वेळी नाय जमलं तर बघू मग पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष म्हणजे पाळणा, हे त्या जेवणात बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आणि पाळण्यानंतर नोकरी कुणाला आठवते? सुनेनं हातातला घास ताटात ठेवला आणि पाणी प्यायली.  या मुलाखतीवर तिचं काय टांगलेलं आहे ते मला त्या पाण्याच्या घोटात दिसलं.

तिला इंग्रजीच्या क्लासला जायचं होतं. मी म्हणाले, "क्लास कशाला गो? मी हाय की."

ती बाई, म्हणजे त्या वेळची मी, आज कुठं भेटली तर मी तिला ओळख दाखवणार नाही. दहावीला इंग्रजीत वर्गात पहिली आले होते, त्या जोरावर मी घरात उभा जन्म काढला. आमचे सर सगळ्या वर्गाला उभं करून गो, वेन्ट, गॉन म्हणून घ्यायचे आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. पण शाळा सुटल्यापासून एकाही जिवंत माणसाशी मी इंग्रजीत बोलले नव्हते. मोबाइलवरची बाई 'मराठीसाठी एक दाबा' म्हणाली की मी मुकाट्यानं एक दाबायची.

तर शिकवणी सुरू झाली, स्वयंपाकघरात. काळ शिकवायला मी ताटं काढली. रिकामं ताट, म्हणजे अजून जेवायचंय, आय विल ईट. भरल्या ताटात हात, आय ॲम ईटिंग. ताट उष्टं आणि हात ओला, म्हणजे आत्ताच झालं, आय हॅव ईटन. आणि ताट घासून पालथं घातलंय नि मग पाहुणा दारात आला, तर पाहुणा येण्याआधीच आय हॅड ईटन. अजूनही मला वाटतं, युक्ती वाईट नव्हती. मास्तरीण वाईट होती.

ती भाकरी थापत असायची, मी अचानक ताट वर करायची. "बोल."

ती बोलायला लागायची. एक शब्द चुकला की मी जीभ टाळूला लावून "च्" करायची. या माझ्या 'च्'ला ओट्यावरची मांजर उठून जायची. सून जाणार कुठं? थोड्याच दिवसांत तिला सवय लागली, आधी माझ्या तोंडाकडं बघायचं, मग बोलायचं. मला वाटलं, काय आदर आहे पोरीला. आता नात अभ्यासाला बसली की मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही, ते या आदराच्या आठवणीनं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी शेजारच्या कारखान्यात गेले. आमच्या पेणेत कारखाना म्हणजे गणपतीचाच. रंगाच्या फवाऱ्याचा कंप्रेसर दिवसभर धडधडत असतो. मी म्हटलं, जरा बंद ठेवा, सुनेची मुलाखत हाय. मालक म्हणाला, "व्हय काकी. बाप्पाला कसली घाई? थांबतील."

घरी येऊन बघते तर सून साडीला पिना लावून टेबलाशी बसलेली. मी स्वयंपाकघरातून ताटं आणली, ती बघून म्हणाली, "आई, तुम्ही आतल्या खोलीत बसा ना."

"मी कुठं दिसतेय त्यांना?"

"दिसत नाय. तरी पण."

"अडलीस तर?"

तेवढ्यात लॅपटॉपमधून टुंग असा आवाज आला आणि बोलणं सुरू झालं. एक पुरुष आणि एक बाई होती. मला त्यांचे नुसते आवाज येत होते. बाईंनी इंग्रजीत विचारलं, दिवसभर तुम्ही काय करता?

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी ताटांकडं पाहिलं. आत्ता जेवतेय, जेवून झालंय, जेवायचंय, सगळं होतं माझ्याकडं. रोज जेवते, याला ताटच नव्हतं. इतके दिवस घोकून घेतलं आणि सगळ्यांत सोपा काळ मी शिकवलाच नव्हता. घाईघाईत मी आमटी-भाताचं ताट उचललं. ती "आय ॲम" म्हणाली आणि थांबली. पुन्हा "आय ॲम". मी ते खाली ठेवून उष्टं उचललं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला. पुढचा प्रश्न आला, ती खाली बघून एक-एक शब्द वेचत राहिली, आणि मी ताटं खालीवर करत राहिले. बंद कंप्रेसरमुळं घर इतकं शांत होतं की ताट फरशीला टेकल्याचा आवाजही मला मोठा वाटत होता.

मग त्या बाई म्हणाल्या, "यू आर लुकिंग डाऊन अगेन अँड अगेन. इज समवन विथ यू?"

मी दोन्ही हात हलवले. नाय म्हण, नाय म्हण. सुनेनं माझ्याकडं बघितलं. 'नो' म्हणाली असती तर मीच तिला जन्मभर चांगलं म्हटलं असतं.

"येस," ती म्हणाली. "माय मदर-इन-लॉ." आणि तिनं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला.

पडद्यावर चष्मा लावलेली बाई, केस माझ्यासारखेच रंगवलेले. तिनं मला पाहिलं, मग ताटं पाहिली, मग माझ्या हातातलं उष्टं ताट पाहिलं. "आर यू हेल्पिंग हर, मॅडम?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला समोरासमोर इंग्रजीत प्रश्न विचारला होता. मी म्हणाले, "व्हय."

पुरुष हसला. बाई हसल्या नाहीत. स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "मग आता तुम्ही बाहेर बसा. आणि दार लावून घ्या."

मी ओटीवर जाऊन बसले. दाराआडून सुनेचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.  मग दार उघडलं.

"काय म्हणाले?"

"बुधवारी रोह्याला बोलावलंय. समोर बसून बोलायचंय त्यांना."

"मग चांगलंच की गो."

"चांगलं नाय, आई. त्यांना वाटतंय, मला काय येत नाय, सगळं तुम्हीच सांगत होतात. एकदा खात्री करून घ्यायची आणि नाय म्हणायचं, एवढंच राहिलंय त्यांचं."

तिनं सगळी ताटं उचलून मोरीत नेली आणि घासली. घासलेलंसुद्धा पुन्हा घासलं.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मीठ संपलंय, गॅस आलाय. दुपारी मोबाइल घेऊन गच्चीवर जायची. मी कशी राहणार? जिन्यात जाऊन कान दिला. ती एकटीच होती, पाण्याच्या टाकीशी इंग्रजीत बोलत होती. कॉलेजच्या लॅबमध्ये तिच्या हातून एक ब्युरेट, म्हणजे मापाची काचनळी, फुटली होती, ती गोष्ट सांगत होती. सर आले तोवर मी काचा गोळा केल्या होत्या, हे तिला म्हणायचं होतं. पहिल्यांदा वाक्य चुकलं. ती थांबली, मागं गेली, पुन्हा म्हणाली आणि या वेळी नीट जमवलं. काचा आधी आणि सर मागून, हे तिला कुणी ताट धरून सांगायला नको होतं. ती तिथं होती. मी नव्हते.

पुढच्या वाक्यात ती पुन्हा चुकली. माझा 'च्' दातापर्यंत आला. मी पदर तोंडात कोंबला, पण 'च्' निसटलाच.

वरचं बोलणं बंद झालं. मी श्वास धरून पायरीवर बसले.

"आई," ती टाकीपाशीच उभी राहून म्हणाली, "खाली जा."

बुधवारी मुलाला कामावर सकाळची पाळी होती. मी म्हणाले, मी येते सोबतीला. सून चप्पल घालता घालता म्हणाली, "या. पण बोलायचं नाय."

एसटी वडखळच्या नाक्यावर अडकली. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. सून दर मिनिटाला मोबाइलमध्ये वेळ बघत होती. आधीच एक डाग लागलेला, त्यात उशीर झाला तर गेटवरूनच परत. आणि डाग लावणारी तिच्या शेजारीच, म्हणजे माझ्याच सीटवर बसली होती. कंडक्टरला चार शब्द सुनावावेत असं फार वाटलं. बोलले नाही. नागोठणं गेलं तरी बोलले नाही. रोह्याला उतरून रिक्षा केली तेव्हासुद्धा भाड्याची घासाघीस केली नाही, यावरून काय ते समजा.

कंपनीच्या गेटवर वॉचमननं तिला पास दिला आणि ती आत गेली. मी समोरच्या टपरीवर बसले. हवेला तो एमआयडीसीचा आंबूस वास होता. चहा घेतला, तो हातातच निवला. टाय लावलेला एक मुलगा बाहेर आला, मोबाइलवर हसत बोलत गेला. मग एक मुलगी आली, तीही हसत. आमची येईना. मनातल्या मनात मी तिला नोकरी मिळेल, मिळते आहे, मिळाली आहे, अशी सगळी इंग्रजी वाक्यं लावून पाहिली. एकही शेवटपर्यंत म्हणवेना.

भोंगा झाला, पाळी सुटली, गेटमधून माणसांचा लोंढा निघाला. त्या लोंढ्याच्या शेवटी ती दिसली. वॉचमनला पास परत दिला, रस्ता ओलांडून आली. चेहऱ्यावरून काही कळेना. माझ्या हातातला ग्लास घेऊन तिनं गार चहा एका दमात पिऊन टाकला.

"सोमवारपासून यायचंय," ती म्हणाली.

मला गप्प बसायला काय झालं होतं? सकाळपासून तोंड शिवून बसलेली बाई मी, पण तिथं टाका उसवला. म्हणाले, "बघ. म्हणजे माझ्या शिकवणीनं इंग्रजीची भीती तरी मोडली ना तुझी?"

तिनं ग्लास टपरीवाल्याकडं दिला, पदरानं तोंड पुसलं आणि कितीतरी दिवसांनी सरळ माझ्याकडं बघत म्हणाली, "आई, इंग्रजीची भीती मला कधीच नव्हती. तुम्ही समोर बसलात की मला मराठीपण आठवत नाय."