दोघांनी पाहिलेला पक्षी

रविवारी सकाळी आम्ही सातआठ जण पेडगावकडच्या तळ्यांवरून नदीकाठापर्यंत पक्षी बघत फिरतो. त्यात पाथरीहून पहिल्या एसटीनं येणारे एक कापड दुकानदार आहेत. कपाळावर भस्माचे पट्टे, पायांत रबरी चपला. दुर्बीण नाही, पण नजर तीस वर्षं कापड पारखून तयार झालेली. खंड्याला कुणी निळा म्हटलं की लगेच दुरुस्त करतात, "निळा नका म्हनू, रामा कलर हाय त्यो."

गटाची वही त्यांच्याकडे असते. दोघांनी पाहिल्याशिवाय पक्ष्याचं नाव वहीत चढवायचं नाही, हा नियम त्यांचाच. माझा एक ससाणा त्यांनी असाच बाहेर ठेवला, तेव्हा मी महिनाभर रुसलो होतो.

गेल्या हिवाळ्यात नदीच्या वळणावर ते एकदम थांबले. "काळा करकोचा," ते पुटपुटले. दर हिवाळ्यात ते याचीच वाट बघायचे. मंडळी मागं शेंगदाणे खात बसली होती, जवळ मी एकटा. मी मान वर करेपर्यंत पक्षी बाभळींमागं गेला होता.

"लिहा काका, मी पाहिला," मी म्हणालो.

त्यांनी वही उघडली, पेन काढलं. कोऱ्या ओळीकडे बघत राहिले आणि हसले.

"तुमी तर तवा चष्मा पुसायलते, सर."

वही मिटून ते चालू लागले.

खरंच पुसत होतो मी. इतक्या वर्षांनी आलेला करकोचा समोर असताना ते क्षणभर मागं वळले होते, मलाही दिसतोय का ते बघायला.