चौथं रीळ आधी लागलं

मंडळी, आज आपल्या फिल्म सोसायटीत देव शोधायला निघालेल्या बंदूकबाजाचा तो विचित्र सिनेमा झाला. स्टेशनवरून रिळांचे डबे मीच आणले होते.

त्याने वाळवंटात बंदूक पुरली आणि पुढच्याच दृश्यात तीच कमरेला लावून तो गुरू शोधत निघाला. चर्चेत आपण तासभर त्याचा अर्थ लावला. मीही "पुनर्जन्म" म्हणालो.

डबे भरताना ऑपरेटर मारोतराव हळूच म्हणाले, "माफ करा जी, चौथं रीळ तिसऱ्याच्या आधी लागलं. टाकीजमध्ये असं झालं का पब्लिक खुर्च्या तोडते. इथं काहून कोणी बोंबललं नाही?"

शंका मला आली होती. पण सगळेच माना डोलावत होते आणि मी दमलो होतो.

तुम्हीही दमला होतात का?