होणाऱ्या जावयाच्या गाडीचे ब्रेक

बॉनेट उघडलं आणि उंदराच्या मुताचा असा भपकारा आला की मी मागेच सरलो. सिहोऱ्यात माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, जीपगाड्या, धान वाहणारे छोटे ट्रक, सगळ्यांची घाण या हातांनी उपसली आहे. चिखल, शेण, एकदा तर पंख्यात अडकलेला मुंगूस. त्याची मला कधी किळस आली नाही. या गाडीची आली, आणि गाडी होती माझ्या होणाऱ्या जावयाची.

मुलाचं घर तुमसरचं, राईस मिलवालं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं, लग्न तोंडावर होतं. पुण्याच्या कोणा शौकिनाकडून त्याने ही जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. दोन दारं, दोनच सीट, पोट जमिनीला टेकलेलं. वर्षातला बहुतेक काळ ती मिलच्या गोदामात कोंड्याच्या पोत्यांशेजारी उभी असायची. उंदरांना याहून चांगलं माहेर कुठे मिळणार? बाहेरून मात्र अशी पॉलिश मारलेली की तोंड दिसावं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

"मामाजी, हे दोन लाईट बंद करून द्या," तो म्हणाला. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मीटरमध्ये एक लाल दिवा पेटला होता, ब्रेकचा, आणि एक पिवळा, एबीएसचा. "रविवारी प्री-वेडिंगचं शूटिंग आहे, नाकाडोंगरीच्या जंगलात. ड्रोनवाला येऊन राहिला नागपूरवरून. आतून व्हिडिओ काढला तं हे लाल-पिवळं दिसते."

ब्रेक बघून द्या नाही, लाईट बंद करून द्या! कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? पण होणारा जावई. मी जीभ आवरली आणि गाडीला दोष शोधायचं मशीन लावलं.

पिवळ्या दिव्याचं कारण लगेच सापडलं. जोरात ब्रेक मारला की चाक जाम होऊन गाडी घसरू नये, हे एबीएसचं काम. त्यासाठी प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो आणि तो चाकाचा वेग कळवत राहतो. पुढच्या डाव्या चाकाकडून काहीच कळत नव्हतं. चाक काढलं. सेन्सरची वायर कुरतडलेली होती, आणि गाडी धुताना भिजलेला कोंडा सेन्सरवर वाळून दगड झाला होता. त्यात लेंड्या. ते सगळं हातांनी खरवडून काढलं. एवढं दुरुस्त होण्यासारखं होतं.

लाल दिव्याने मात्र माझं डोकं फिरवलं. ब्रेक ऑईलच्या डबीचं झाकण उघडलं, तर झाकणातलं रबर फुगून वाकडं झालेलं. परत बसवायला गेलो, बसेना. वासही वेगळाच. चमचाभर तेल पाण्याच्या ग्लासात टाकलं. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जातं. हे वर तवंग धरून बसलं.

"यात काय टाकलं कोणी?"

"मिलच्या फिटरनं. मागं लाल लाईट आलता, तं त्यानं मशीनचं तेल टाकलं. गेलता लाईट तेव्हा." मग हसून म्हणाला, "तेल तं तेलच असते ना, मामाजी."

मिलमध्ये हाच कायदा. आवाज आला, तेल टाका. गरम झालं, तेल टाका. चाळणीला ते चालतं, पट्ट्याच्या बेअरिंगला चालतं. ब्रेकच्या रबराला ते विष आहे. डबीतलं रबर फुगलं म्हणजे आतली सगळी रबरं फुगली असणार, चाकापर्यंत. असे ब्रेक कधी आपोआप धरून बसतात, कधी धरतच नाहीत, आणि कोणत्या वळणावर काय करतील ते ब्रह्मदेवही सांगणार नाही. मी त्याला हे सगळं सांगितलं. सगळी रबरं, नळ्या बदलाव्या लागतील, जुन्या गाडीचे पार्ट बाहेरून मागवावे लागतील, तोवर गाडी इथेच राहू द्या, चावी द्या.

"तुम्ही भलतेच भेता मामाजी," म्हणत त्याने चावी खिशात टाकली.

माझा आवाज चढला तशी बायको चहा घेऊन बाहेर आली. तो गाडी घेऊन गेल्यावर मलाच म्हणाली, "तोंड सांभाळा जरा. सोयरीक जुळाले किती पायपीट केली आपण." मुलीला मी सगळं सांगितलं. ती तुमसरच्या शाळेत शिकवते, पण तिचं लहानपण गॅरेजमध्ये नटबोल्टशी खेळण्यात गेलेलं. तिने त्याला फोन केला. ब्रेकचं काम करून घेतो, असा त्याने तिला शब्द दिला.

रविवारी सकाळी गाडी दारात उभी. बॉनेटवर झेंडूचा हार. "झालं काम मामाजी! गेले दोन्ही लाईट."

इतक्यात पार्ट कुठून आले? मी ते विचारायच्या आत मुलगी नव्या साडीत त्याच्या शेजारी जाऊन बसली होती. मी खिडकीशी पोचलो तेव्हा ती त्याला म्हणत होती, "जरा बंद करून परत चावी फिरवा."

चावी फिरवली की मीटरमधले सगळे दिवे क्षणभर पेटतात आणि विझतात. गाडी स्वतःलाच तपासून घेते. बाकीचे पेटले. लाल आणि पिवळ्याच्या जागी अंधार.

"बल्ब काढले का?" तिने विचारलं.

"दोनच तं काढले," तो अगदी सहज म्हणाला. त्याला लाजही वाटली नाही.

"आन ब्रेक?"

"लागते ना. दोनदा दाबलं का लागते. तू कायले फिकर करतं? तुले कुठं चालवाची आहे? तुले तं फक्त बसाचं आहे."

हसत म्हणाला तो हे. उंदरांचं मूत, लेंड्या, तो कुजका कोंडा, सगळं मी दोन हातांनी काढलं होतं. पण त्या हसण्याची मला जी शिसारी आली, ती आजही जेवताना आठवली तर घास फिरतो.

मुलीने दारात अडकलेला पदर सोडवला आणि ती उतरली. "तुम्ही जा. हळू जा," एवढंच म्हणाली. तो थोडा वेळ हॉर्न वाजवत बसला, मग हार घातलेली गाडी घेऊन एकटाच गेला.

दुपारी त्याच्या आईचा फोन आला. दोन बल्बांसाठी आमचं नाक कापलं म्हणाली. संध्याकाळपर्यंत आमच्याही नातेवाइकांनी तेच सुरू केलं. मुलाला व्यसन नाही, मिल आहे, आणखी काय पाहिजे? बायको मुलीजवळ जाऊन बसली. "राग आला तुले, समजते मले," ती म्हणाली. "दोन दिवसात शांत होशीन."

"मले राग नाही आला, आई. मले भेव वाटलं. त्याले मी फोनवर सांगितलंही होतं, मले भेव वाटते म्हणून. त्यानं बल्ब काढले."

 बायको उठली, त्यांच्याकडून आलेली साक्षगंधाची साडी कपाटातून काढली आणि परत पाठवायला पिशवीत ठेवली.