लिव्हिंग रूममध्ये राहायचं नसतं

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, तरी ‘लिव्हिंग रूम’ म्हणजे जिथे कोणी राहायचं नाही ती खोली, हे मला अमेरिकेत, एडिसन गावी, तुमच्या आईनं शिकवलं. तुमचा जन्म व्हायचा होता. मी आणि आजोबा पहिल्यांदाच मुलाकडे राहायला आलो होतो.

घरात शिरताच डाव्या हाताला ही खोली. पांढरं कार्पेट, त्यावर व्हॅक्यूमच्या सरळ रेघा. सोफ्याला आणि खुर्च्यांना दुकानातून आलं तेव्हाचं प्लास्टिक. आम्ही सगळे बसायचो बेसमेंटमध्ये. मराठी पाहुणे आले की तेही आपण होऊन जिना उतरायचे. वरची खोली अमेरिकन पाहुण्यांसाठी राखलेली. ते काही येत नव्हते.

बेसमेंटच्या गारठ्यानं आजोबांचे गुडघे धरायचे. त्यांना एवढंच हवं होतं: लिव्हिंग रूमच्या खिडकीपाशी ती रुंद खुर्ची होती ना, तिच्यात सकाळच्या उन्हात मांडी घालून पेपर वाचायला मिळावा. एकदा चोरून बसूनही आले. संध्याकाळी तुमची आई दारातच थबकली.

“बाबा, आत गेला होतात?”

“मी? छे!”

“कार्पेटवर पावलं दिसतायत.”

“तुझ्या सासूची असतील.”

“आईंची पावलं एवढी मोठी नाहीत.”

मग एकदाची शेजारची अमेरिकन बाई चहाला आली. तुमच्या आईनं तिला मानानं सोफ्यावर बसवलं. प्लास्टिक करकरलं. जरा हललं की सोफा बोलायचा, म्हणून बिचारी हलेचना. कप हातात धरून तिनं खोलीभर नजर फिरवली आणि अगदी मनापासून विचारलं, “तुम्ही आत्ताच राहायला आलात वाटतं? सामान सोडवायला मदत करू का?”

घर घेऊन चार वर्षं झाली होती. दारात उभ्या असलेल्या आजोबांनी आपल्या कचेरीच्या इंग्रजीत उत्तर दिलं, “मॅडम, अजून परवानगी यायची आहे.”

बाईला काही कळलं नाही. तुमच्या आईला कळलं. तिनं आधी डोळे वटारले, मग फिसकन हसली. बाई गेल्यावर कात्री आणून तिनं खिडकीतल्या खुर्चीचं प्लास्टिक कापून काढलं.

“बसा, बाबा. पण गुडघ्यांना तेल लावून नाही हं!”

त्या खुर्चीच्या दोन्ही हातांवरचे डाग तुम्ही लहानपणी पाहिलेत. ते चहाचे नव्हेत.